आईच्या ताडपत्रीच्या दोऱ्या

प्रिय शर्मू,

फोनवर हे सगळं नीट सांगता येणार नाही म्हणून कागद घेतलाय. आपल्या घरात फोनवरचं बोलणं स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जातं, आणि हे तुझ्या आईच्या कानावर जायला नकोय. ती आत्ता बाजारात गेलीय, तासभर तरी येणार नाही; तेवढ्यात लिहून कुरियरला देतो.

निहार आपल्याकडे येतो हे मला ऑक्टोबरात कळलं. तुमचं दोघांचं मोडून दीड वर्ष झालं, तू बंगळूरला गेलीस, आणि हा मुलगा दर मंगळवारी, नेमका मी ज्येष्ठ नागरिक संघात असताना, मुलुंडला येऊन जातो. मला कुणी सांगितलं नाही. बाल्कनीत जळक्या नायलॉनचा वास आला म्हणून मी शोधलं, तर वॉशिंग मशीनच्या मागे एक पिशवी सापडली. इलॅस्टिकची गोल दोरी, नायलॉनची दोरी, छोटे हूक आणि टोकं जाळून पक्की करायला मेणबत्ती. आईला विचारलं तर म्हणाली, "जानेवारीच्या कॅम्पसाठी ताडपत्रीच्या दोऱ्या करतेय." मी म्हटलं, "एकटी?" "निहार दाखवतो." एवढं म्हणून ती कुकर बघायला उठली. कुकर लावलेलाच नव्हता.

पस्तीस वर्षं मी विमा कंपनीत दावे तपासले. विचारलेल्यापेक्षा कमी सांगणारा माणूस काहीतरी दडवत असतो, हे तिथे शिकलो. आणि आईला दोऱ्यांतलं कुणी काय शिकवायचं? बदलापूरच्या पुढच्या त्या शेतावर दर जानेवारीला मैत्रिणींची ताडपत्री तीच बांधते, वीस वर्षं झाली. तिची गाठ वाऱ्यात सुटली असं कधी ऐकलं नाही. मग मी तिच्यावर नजर ठेवायला लागलो. वाणसामानाची यादी ती मला लिहायला सांगू लागली होती. तुला लांबलचक मेसेज लिहायची, ते सोडून आवाज रेकॉर्ड करून पाठवू लागली. मला वाटलं, लिहिलेलं मी वाचीन म्हणून. चहा अर्धाच कप घ्यायची, तोही मी समोरून उठलो की. एका गुरुवारी शिंप्याकडे ब्लाउज टाकून येते म्हणून गेली ती साडेतीन तासांनी आली, आणि पर्समध्ये घाटकोपरच्या पार्किंगची पावती निघाली. होय, मी तिची पर्स उघडली.

निष्कर्ष सोपा होता. मुलीने नाही म्हटलं, म्हणून हा आईला हाताशी धरून परत घरात शिरतोय, आणि आई त्याला सामील आहे. एकदा लिफ्टपाशी मी त्याला गाठलं. म्हटलं, "शर्मिष्ठाने तुला नाही म्हटलंय ना, मग तिच्या आईच्या मागे कशाला लागलायस?" त्याने हातातली पिशवी खाली ठेवली. म्हणाला, "काकू बोलावतात म्हणून येतो, काका. त्या नको म्हणाल्या तर नाही येणार." मला तो निगरगट्ट वाटला. त्याच संध्याकाळी खाली बागेत जाऊन मी तुला फोन केला आणि निहार आईला त्रास देतोय असं सांगितलं. आई त्रासात आहे असं मला एकदाही दिसलं नव्हतं, तरी सांगितलं.

पुढच्या मंगळवारी संघात जातो म्हणून निघालो आणि अर्ध्या तासाने परतलो. घराला कुलूप. गच्चीचं दार मात्र उघडं होतं. पाण्याच्या टाकीच्या पाइपांना ताडपत्रीची दोन टोकं बांधलेली, आई तिसऱ्या टोकापाशी गुडघ्यांवर बसलेली. तिच्या उजव्या हातात हूक होता आणि तो हात थरथरत होता. थंडीने थरथरतो तसा नाही. तिने डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं, हूक कडीपर्यंत नेला, चुकला, परत नेला. चौथ्या वेळेला अडकला. निहार दोन हात अंतरावर उभा होता, आणि मुद्दाम टाकीकडे तोंड करून. तिला कुणी बघतंय असं वाटू नये म्हणून. मी दारातच बसलो.

घरी आल्यावर आईने सगळं सांगितलं. कंपवाताची सुरुवात आहे, शर्मू. सप्टेंबरात तुझी स्लीपिंग बॅग परत द्यायला निहार आला, तेव्हा आईला बॅगेची नाडी बांधता येईना. त्याने तिथेच विचारलं, "काकू, हे कधीपासून?" घाटकोपरच्या डॉक्टरांकडेही तोच घेऊन गेला. तिची एकच अट होती. यंदाचा कॅम्प नेहमीसारखा करायचा, ताडपत्री स्वतः बांधायची आणि मग सगळ्यांना सांगायचं. म्हणून त्या दोऱ्या. नायलॉनच्या दोरीत मधे वीतभर इलॅस्टिक जोडायचं आणि तेवढ्या भागात नायलॉन सैल सोडायचा. दवाने ताडपत्री ढिली पडली की इलॅस्टिक आपोआप ती ओढून धरतं. वारा आला की ताणत जातं, आणि फार ताणलं तर भार नायलॉन घेतो. गाठी घरीच मारलेल्या. शेतावर नुसता हूक अडकवायचा, ओढून घट्ट करायला नको.

मी आईला विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "तुम्ही लगेच फाइल उघडली असती."

कॅम्प झाला. पहाटे जोराचा वारा सुटला, पण ताडपत्री जागची हलली नाही. सकाळच्या चहाला तिने मैत्रिणींना सांगितलं, तर प्रियंका म्हणाली, "अगं, आम्हाला दिवाळीतच कळलं होतं. तू सांगायची वाट बघत होतो." म्हणजे न कळलेला मी एकटाच.

सोमवारी तू मेलबर्नच्या नोकरीच्या कागदांवर सही करणार आहेस. तीन वर्षं. तू विमानात बसेपर्यंत तुला मात्र काही सांगायचं नाही, असं आईने माझ्याकडून कबूल करून घेतलंय, आणि मी ते मोडतोय. जाऊ नकोस असं म्हणत नाही. डॉक्टर म्हणतात, गोळ्यांवर बरीच वर्षं चांगली जातील. माझ्या त्या फोनवर विश्वास ठेवून तू निहारला जे लिहिलंस, ते मात्र मागे घे. त्याने ते कुणाला दाखवलं नाही. मी माफी मागायला गेलो तर एवढंच म्हणाला, "तिला जे सांगितलं गेलं, त्यावर ती बोलली, काका." त्याच्याशी पुन्हा जुळवून घे, असंही मी सुचवत नाही. पण न कळता गेलीस आणि तिकडे कुणाकडून तरी कळलं, तर आमच्या प्रत्येक फोनमागे काय दडलंय ते तू शोधत बसशील. तसं राहून माणसाचं काय होतं, ते मी तीन महिने करून पाहिलंय.

तुझाच,
बाबा