स्वावलंबी आंघोळ

४ मे
चेलनाला धुळ्याच्या एका लॅबमधून बोलावणं आलं. पंधरा दिवसांचं ट्रेनिंग, मग इथे जळगावच्या शाखेत नोकरी. लग्नाआधी केलेला तिचा टेक्निशियनचा कोर्स शेवटी उपयोगी पडणार. मी आधुनिक विचारांचा माणूस, लगेच हो म्हणालो. अट एकच. रिद्धी नऊ वर्षांची, अनुज सहाचा, तरी दोघांना अजून चेलनाच बादली-मग घेऊन आंघोळ घालते. मुलं शॉवरखाली एकटी आंघोळ करू लागली की तिने खुशाल जावं. सोळाला निघायचं आहे. चेलना "बरं" म्हणाली. जरा जास्तच लवकर म्हणाली.

५ मे
शिकवण्याची जबाबदारी मी घेतली. या विषयातला घरातला जाणकार मीच. नळ, शॉवर, बेसिन यांचं दुकान आहे आपलं. घरी भारीतला शॉवर कधीचा बसवलाय. सध्या त्यावर बाईच्या साड्या वाळतात. (बाई म्हणजे माझी आई.) साड्या काढायला लावल्या. बाई म्हणाली, मग वाळत कुठे घालू? सुधारणेला विरोध घरातूनच सुरू होतो.

६ मे
शॉवर सुरूच होईना. दुकानाच्या ओळखीचा प्लंबर झुलाल आला. त्याने आतून पाल काढली, जाळी साफ केली आणि विचारलं, "भाऊ, हाऊ शॉवर तुम्ही कधी वापरेल शे का?" मी म्हणालो, मी विकतो.

७ मे
पहिला दिवस, सकाळी साडेसहा. मी बाहेर खुर्ची टाकून सूचना देत होतो. रिद्धीने आतून कडी लावून घेतली, माझ्या सूचना पूर्ण व्हायच्या आत बाहेरही आली. हिशेबात धरत नाही. अनुजच्या तोंडावर फवारा आला, तसा तो किंचाळत हॉलमधून पळाला. बाई सामायिकाला, म्हणजे आमच्या जैनांच्या रोजच्या ध्यानाला, बसली होती, थेट तिच्या आसनापर्यंत थेंब. अनुजला सांगितलं, एवढ्या मोठ्या मुलाने घाबरायचं नसतं. चेलनालाही सांगितलं, अजून वेळ लागेल, धुळ्याला तसं कळवून ठेव. तिने कळवलं नाही.

९ मे
बाईने शॉवरला फडकं बांधलं. आमच्याकडे पाणी गाळून घेतात, स्वयंपाकघरातल्या नळाला पांढरं फडकं कायम असतं. शॉवर वापरात आला म्हणजे त्यालाही हवं, असं तिचं म्हणणं. मी शॉवरच्या बारीक छिद्रांमागचं शास्त्र समजावलं. तिने गाठ आणखी घट्ट केली. आता पाणी फवारत नाही, एका मऊ धारेने खाली येतं. अनुज त्याखाली उभा राहून गाणं म्हणत होता. माझी पद्धत लागू पडते आहे.

११ मे
दोघंही रोज एकटे जातात. पण याला आंघोळ म्हणायचं का? कानामागे साबण, टाचा तशाच. चेलनाला म्हणालो, घाई नको. ती कपाटावरून बॅग काढत होती.
दुपारी दुकान बंद करून घरी आलो. माझी आंघोळ दुपारीच असते. टॉवेलसाठी तीनदा हाक मारावी लागली. चेलनाचं हल्ली लक्ष नसतं.

१३ मे
मुलांना प्रात्यक्षिक दाखवायचं ठरवलं. दुपारी एक वाजता, अंगात कपडे तसेच, कारण फक्त थिअरी सांगायची होती. "हा गार पाण्याचा नळ," म्हणून फिरवला. डोक्यावर उकळतं पाणी. मी काय ओरडलो ते इथे लिहीत नाही. रिद्धी म्हणाली, पप्पा, दुपारी कोणी शॉवर लावतं का? स्पष्ट आहे, झुलालने गरम आणि गारचे पाइप उलटे जोडलेत.

१४ मे
झुलालला बोलावून झापलं. गीझर होळीपासून बंदच आहे म्हणाला. "गच्चीवरनी टाकीनं पानी शे भाऊ. मे महिना शे." म्हटलं, मग माझ्या बादलीतलं पाणी भर दुपारी गार कसं? उत्तर मला माहीत आहे. आमचं बाथरूम उत्तरेला, पांढऱ्या टाइल्स, सगळं प्लॅनिंग माझं. गिऱ्हाइकांनाही सांगतो. झुलालने चेलनाकडे पाहिलं. चेलना भाजी निवडत होती.

१५ मे
कान, टाचा, केस, सगळ्यात दोघं पास. मी म्हणालो, अजून महिनाभर सातत्य बघू. चेलनाचं तोंड उतरलं. बाईच बोलली. "अखिल, तुझी पाठ चोळायची मी कधी सोडली रे?" म्हटलं, आठवत नाही. "तुझ्या लग्नाच्या दिवशी." विषय काय, ही बोलते काय. पण त्यानंतर महिन्याचा मुद्दा मागे पडला.

१६ मे
चेलना सकाळी सातच्या बसने गेली. दुपारी आंघोळ केली. पाणी नेहमीसारखं गार. ती नसतानाही गार. टाइल्सचा मुद्दा सिद्ध झाला.

१७ मे, दुपारी दीड
बादली रिकामी. नळाखाली भरली, पहिला मग पायावर घेतला आणि पाय भाजला. सवयीने चेलनाला हाक मारली. दाराबाहेरून रिद्धी म्हणाली, पप्पा, मम्मी रोज पहाटे तुमची बादली भरून झाकून ठेवायची. काल जातानाही भरून गेली. तुम्हाला माहीत नव्हतं?
माहीत होतं, असं सांगितलं.
मग टॉवेल मागितला.

१८ मे
आंघोळ नाही. दुकानात गिऱ्हाईक लांबून बोलत होतं.
संध्याकाळी चेलनाचा फोन. आवाज इतका खुशीत मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. रिद्धी तिला म्हणाली, घरी सगळ्यांच्या आंघोळी मस्त चालल्यात. फोन ठेवल्यावर विचारलं, खोटं कशाला बोललीस? ती म्हणाली, "खरं सांगितलं तर मम्मी सगळं सोडून परत येईल."
मला वाईट वाटलं. कोणासाठी ते नीट कळलं नाही.
अनुजने बादलीचं झाकण कुठे असतं ते दाखवलं. उद्या पहाटे तो मला उठवणार, बादली मी भरून झाकायची, दुपारी मी आंघोळीला गेलो की तो खुर्ची टाकून बाहेर बसणार. टॉवेल आधीच दारावर टाकायचा, हे त्याने दोनदा बजावलं. एवढ्या मोठ्या माणसाने घाबरायचं नसतं म्हणाला.
मी शॉवरचं विचारलं. म्हणाला, ते पुढे बघू, आधी बादली जमू दे.