अंजूर, एक सीट

भिवंडी,
दि. ६ फेब्रुवारी १९९४

चि. यादव यास आजीकडून जयभीम व अ. उ. आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. गुडघे आहेत तिथेच आहेत, फक्त मला उठवायला तयार नसतात. पत्र नेहमीसारखं शेजारच्या तय्यबा टीचर लिहितायत. माझं हाय-न्हाय त्या आहे-नाही करून टाकतात, म्हणून आजी शिकली की काय असं समजू नकोस.

विषय तुझ्या गाण्याचा. त्या कॅसेटला सात वर्षं झाली, तरी लूमच्या गेटवरचा चहावाला रोज शिफ्ट सुटताना तेच लावतो. त्यात आहे काय? रिक्षावाला ओरडतोय, अंजूर, एक सीट. तू बसत नाहीस. पुढे नुसतं गिटार आणि तुझा आरडाओरडा. त्याला रॉक म्हणतात म्हणे. लूमवरचा यूनुस आजमगढचा, त्याला अर्धी मराठी कळत नाही, पण गाणं संपेपर्यंत बशी हातात धरून उभा असतो. विचारलं तर म्हणाला, हे माझ्या अब्बांचं गाणं आहे, स्टेशनवर मी वळून बघितलं नव्हतं. भाजीवाली राहीबाई म्हणते, हे तिच्या बहिणीचं आहे, एका पातेल्यावरून तिच्याशी बोलणं तोडलं होतं. एका रिक्षात किती माणसं कोंबलीस रे?

त्यांना नसेल कळत, मला कळतं. अंजूरला कोण होतं? कमळाबाई, तुझ्या आईची आई. तुझी आई गेली तेव्हा तू दोन वर्षांचा होतास. तेव्हापासून माझ्या हातचं जेवलास. कमळाबाईने काय केलं, तर सुट्टीत वालाच्या शेंगा उकडून घातल्या. तिला गाणं, आणि मला जयंतीला लुगडं. तेही हिरवं. ती मेली म्हणून तिला गाणं मिळालं असेल तर तसं स्पष्ट कळव, मीही मनावर घेते.

लोभ आहे म्हणतोस, तो थोडा दाखवायलाही ठेव.

तुझी आजी,
शांताबाई


पिंपरी,
दि. २० फेब्रुवारी १९९४

ती. आजीस सप्रेम जयभीम, वि. वि.

पत्र कंपनीत डब्याच्या सुट्टीत वाचलं आणि एकटाच हसलो. आमचा ग्रुप केव्हाच फुटला. ड्रम वाजवणारा वाल्मीक आता लग्नात माईक लावतो, माझं गिटार कपाटावर आहे. गाणं तेवढं उरलं.

लोक अजून का ऐकतात, याचा मीही विचार केला. मी का बसलो नाही, ते गाण्यात कुठेच नाही. सांगितलं असतं तर ते माझ्या एकट्याचं झालं असतं. शिवाय शेवटी माफीही मिळत नाही, रिक्षा निघून जाते आणि कॅसेट संपते. ज्याला माफी मिळालेली नसते तो पुन्हा लावतो.

तुला म्हणून सांगतो. शहाऐंशीच्या जयंतीला चार दिवस आलो होतो ना, तेव्हा मी स्टँडपर्यंत जाऊन परत फिरलो. संध्याकाळी ग्रुपची तालीम होती. घरी तुला विचारलं, तर तू म्हणालीस, कमळाआजी बरी आहे, पुढच्या वेळी जा. मला तेच ऐकायचं होतं. आठव्या दिवशी ती गेली.

तुझ्यावर गाणं नाही, कारण तुझ्या बाबतीत मी चुकलेलोच नाही. तेव्हा हेवा सोड, आणि या वर्षी लुगडं कोणत्या रंगाचं ते कळव. टीचरना सलाम.

तुझ्या शिव्यांचा हक्कदार,
यादव


भिवंडी,
दि. ३ मार्च १९९४

चि. यादव यास जयभीम व आशीर्वाद.

रंगाचं राहू दे. आज मी सांगेन ते टीचरने जसंच्या तसं लिहायचं, असं आधीच कबूल करून घेतलंय.

त्या वर्षी जयंतीच्या आधी कमळाबाई माझ्याकडे आली होती. कुशीला हात लावून दारातच बसली. तिच्याकडे लिहिणारं कोणी नव्हतं, माझ्याकडे टीचर होत्या. ती म्हणाली, तुझ्या पत्रात माझी एक ओळ घाल. दुखणं वाढलंय, यादवला म्हणावं आधी अंजूरला ये. मी हो म्हटलं. तिच्यासमोरच टीचरने ओळ लिहिली. ती समाधानाने गेली.

ती वळणाआड गेल्यावर मी टीचरना सांगितलं, पत्र पुन्हा लिहा, ती ओळ नको. वर म्हटलं, कमळाबाईच जाताना म्हणाली, पोराला घोर नको. टीचरने विश्वास ठेवला. ते खोटं होतं, हे त्यांना आत्ता, लिहिताना कळतंय. पेन ठेवून आत गेल्या होत्या. पाणी पिऊन आल्या. माझ्याकडे बघत नाहीत, पण लिहितायत.

कारण विचारशील. तुला सुट्टी चारच दिवसांची. दुखणं ऐकलं असतंस तर चारही दिवस तिकडे गेले असते. आठ वर्षं दुसरं चांगलंसं कारण शोधतेय, सापडत नाही.

तर ते गाणं तुझं नाही. माझ्या चुकीवर तू गळा काढतोस आणि अख्खी भिवंडी तुझ्यासाठी हळहळते. मला कमळीचा हेवा वाटतो, तसा तुझाही वाटतो. तुला निदान ओरडता तरी आलं. मी समोरच्या ओट्यावर तोंडात मिश्री धरून ऐकते, आणि बायका म्हणतात, बघा नातवाचं किती कौतुक.

लुगडं पाठवलं नाहीस तरी चालेल. पत्र मात्र पाठव. कोरं पाठवलंस तरी मला काय फरक पडतो, टपाल आलं एवढं कळेल.

शांताबाई


पिंपरी,
दि. १ एप्रिल १९९४

ती. आजीस जयभीम.

तीनदा लिहून फाडलं, म्हणून उशीर.

मी रागावलोय. ती ओळ असती तर गेलो असतो का, माहीत नाही. खरं तर ओळ नसतानाही जाता आलं असतं, रिक्षा समोर उभी होती. म्हणून माझी चूक मी तुला देणार नाही. तुझी वेगळी आहे, ती तुझ्याकडे ठेव. माफ केलं, असं लिहायला बसलो तर हात चालत नाही. खोटं कशाला लिहू?

जयंतीला चार दिवस येतोय. दोन अंजूरला अनंतामामाकडे, दोन भिवंडीला. त्याच्या आईचा निरोप आपल्या घरात अडला हे मामाला माहीत नाही. ते मी सांगणार नाही. सांगायचं असेल तर तूच सांग.

यादव


भिवंडी,
दि. ९ एप्रिल १९९४

चि. यादव यास जयभीम व आशीर्वाद.

काल अंजूरला जाऊन आले. अनंताला सगळं सांगितलं. त्याने तांब्याभर पाणी आणून दिलं, बस मात्र म्हणाला नाही. उभ्यानेच प्यायले. निघताना त्याने एवढंच विचारलं, आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती, ते तुम्हाला कोणी सांगितलं होतं का. मी म्हटलं, नाही. आता कळलं.

तुझी दोन-दोन दिवसांची वाटणी मला मंजूर नाही. तीन अंजूरला राहा, एक मला दे. अनंताने विचारलं तर तुझं तूच ठरवलंस असं सांग, माझं नाव नको.

मेल्यावरही कमळीच जिंकली, याने माझा जळफळाट होतो आहे. टीचर विचारतायत, हे वाक्य गाळू का. मी म्हटलं, राहू दे.

एका दिवसाची मालकीण,
आजी शांताबाई