चुलीचा खुलासा

बाई, तुम्हाला जाऊन इतके पावसाळे झाले, तरी काही अडलं की मी अजून आधी तुमच्याशीच भांडते. मनातल्या मनात. आज कागदावर भांडावं म्हटलं, कारण मी तुमच्या बाबतीत एक गोष्ट केली आहे. ती तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याचा काही संभव नाही, म्हणून मीच सांगितलेली बरी. पण शेवटी सांगते. आधीच सांगितली तर तुम्ही पुढचं ऐकून घेणार नाही. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे.

अहेरीकडे तुमच्या हाताखाली आले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. नर्सिंगचा कागद नवा, साडी कडक, आणि खांद्याला पाण्याची बाटली. लसीकरणाला गावात गेलो होतो. एका घरी म्हातारीनं पानाच्या द्रोणात पेज आणून समोर धरली, कोसरीच्या बारीक दाण्यांची, आंबूस वासाची. तुम्ही घटाघट प्याल्या. मी हसून माझी बाटली दाखवली. गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली येईपर्यंत तुम्ही पुढं आणि मी मागं, ऊन असं की डोकं फुटतंय, आणि तुम्ही एकदम वळता. "सुई टोचायले तुले त्यायच्या लेकराचा दंड पाहिजे, अन् त्यायच्या हातची पेज नाई पाहिजे? फार सोन्याची आहे काय वं तुही बाटली?" मी रडले. तुम्ही माझं रडणं संपेपर्यंत थांबल्या आणि मग म्हणाल्या, "झालं? चाल आता, अजून चार घरं राह्यली." एवढंच. त्या संध्याकाळी तुमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात लाखोरीच्या डाळीचे वडे तळून तुम्ही मला पोटभर खाऊ घातले, आणि मी एक भांडं विसळायला उठले तर हातावर चापट मारून बसवलं. साऱ्या मुलुखाच्या घरचं तुम्ही खायच्या, पण तुमच्या ओट्याला मात्र कुणाचा हात लागू द्यायच्या नाही. हे मला कधीच समजलं नाही, आणि विचारायची माझी छातीही नव्हती.

माझी बदली भामरागडकडे झाली तेव्हा तुम्ही मला प्लास्टिकचे काळे बूट दिले, माझ्या मापाहून एक नंबर मोठे. मी म्हटलं, बाई, हे तर पायातून निघतात. तुम्ही म्हणाल्या, "निघू दे. नाल्यात अडकले तर पाय तरी बाहेर येईल." असलं तुमचं कौतुक. ते बूट घालून मी दोन पावसाळे नाले तुडवले. आता इथं दवाखान्याच्या मागं एक घर आहे, त्याचा सारा कारभार माझ्याकडे आहे. पाऊस लागला की नदीपलीकडची गावं तुटतात, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून दिवस भरत आलेल्या बायांनी रस्ता चालू असतानाच इथं येऊन राहायचं. राहणं फुकट, जेवण फुकट, तपासणी फुकट, न्यायला-आणायला गाडी फुकट, आणि इतके दिवस जी मजुरी बुडते तिचेही पैसे बाईच्या खात्यात पडतात. ऐकायला किती छान वाटतं! पहिल्या वर्षी मीही पलंगावर नव्या चादरी घालून वाट पाहत बसले. चादरी नव्याच राहिल्या, बाई. दोघी आल्या, आणि त्यातली एक तिसऱ्या दिवशी कुणाला न सांगता निघून गेली.

यंदा माझा जीव एका पोरीत अडकला होता. नदीपलीकडच्या गावची, वीस-एकवीस वर्षांची, अंगात रक्त नावापुरतं. मागच्या पावसाळ्यात तिचं पहिलं लेकरू गेलं. कळा सुरू झाल्यावर चार गड्यांनी तिला खाटेवर घालून नदीपर्यंत आणलं, पण पूल पाण्याखाली. लेकरू तिथंच काठावर झालं, आणि रडलं नाही. डॉक्टरांनी यंदा मला सरळ सांगितलं होतं, की ही पुन्हा गावात अडकली आणि रक्त जाऊ लागलं तर ती स्वतःही हाती लागणार नाही. म्हणून मे महिन्यातच मी तिच्या घरी गेले. सोबत तिथलीच आशाताई, माडियाही बोलते आणि आपली मराठीही. पोरीची सासू अंगणात बसलेली. मी कागद काढले आणि धडाधडा सांगत सुटले, हे फुकट, ते फुकट, मजुरीचे पैसे खात्यात. सासूनं सगळं ऐकलं, आत गेली आणि पेजेचा द्रोण घेऊन आली. आणि बाई, त्या दिवशी सोमवार होता. माझा उपास. मी हात जोडले आणि म्हटलं, आज चालत नाही मले, पुढच्या वेळी नक्की. म्हातारीनं द्रोणातली पेज कोंबड्यांपुढं ओतली आणि सुनेला आत जायला सांगितलं. बोलणं संपलं. मी तीन-तीनदा विचारलं, ती माझ्याकडं बघेचना.

परतताना मी चिडून आशाताईला म्हटलं, काऊन नाही म्हणते ही म्हातारी, सारं फुकट असून? तेव्हा ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "मॅडम, तुमी तिच्या घरचं प्याल्या नाई. मंग तिची सून तुमच्या घरचं महिनाभर काऊन खाईल? आमच्यात जिथलं आपण खात नाई, तिथी पोरगी नाई ठेवत." मी रस्त्यात उभीच राहिले. वीस वर्षं नोकरी केली, बाई, आणि मोहाच्या झाडाखालचा तो मार पुन्हा खाल्ला. तेव्हा बाटली होती, या वेळी देव होता, एवढाच फरक. फुकट फुकट म्हणून मी काय बोंबलत होते, तर 'तुमच्याकडं मला देण्यासारखं काही नाही', असंच मी त्या म्हातारीला तिच्याच अंगणात सांगत होते. लाज वाटली. आणि लाज वाटली की मला राग येतो, आणि राग आला की मी ऐकत नाही. त्या पोरीला आणल्याशिवाय राहायचं नाही, असं मी तिथंच ठरवलं.

आठ दिवसांनी पुन्हा गेले. एकदा सरी येऊन गेल्या होत्या, नाल्याला मांडीभर पाणी. या वेळी कागद आणलेच नाहीत. सासू मोहाच्या बिया दगडावर ठेवून फोडत बसली होती. मी समोर बसले आणि एक दगड उचलला. तिसऱ्या की चौथ्या बीला मी स्वतःचा अंगठा ठेचून घेतला आणि "आई गं!" म्हणून ओरडले, तेव्हा म्हातारी पहिल्यांदा हसली. अशी हसली की सून दारात बघायला आली. मग पेज आली. मी दोन द्रोण प्याले आणि तिसरा मागून घेतला. अंगठा ठणकत होता. तिला आपली मराठी बऱ्यापैकी येते, हे मला तेव्हा कळलं. मागच्या वेळी तिनं बोलायचीच तसदी घेतली नव्हती. म्हणाली, "मागच्या साली तुही फुकट गाडी आली होती. नदीच्या तिकडं उभी होती. मी इकडून पाहून राह्यली होती तिचा लाल लाईट. नातू माह्या मांडीवर होता." मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिनं तो काढला नाही.

दुपार कलल्यावर तिनं आपणहून विषय काढला. "तिथी माही चूल आहे काय?" मी म्हटलं, स्वयंपाकघर आहे, सैपाकीण आहे. "ते तुही चूल. माही आहे काय?" नाही म्हटलं. तर म्हणे, "मंग सून एकटी नाई येत. मी येतो. माही चूल येते, माहं मडकं येते, कोंबड्या येते." कोंबड्या किती, म्हटलं. नऊ! आमची घासाघीस झाली, बाजारात होते तशी. शेवटी एका कोंबडीवर मिटलं. चुलीला मी हो म्हटलं. चूल मांडता येत नाही हे मला माहीत होतं. घराच्या आवारात विस्तव पेटवायचा नाही असा नियम भिंतीवर लावलेला आहे, मीच लावलेला. तरी हो म्हटलं. जून अर्धा व्हायच्या आत दोघी आल्या. मागच्या आवारात, पडवीपासून लांब, म्हातारीनं तीन दगड मांडले आणि पहिली पेज मला दिली. आणि मग बाई, मी काहीच न करता गोष्ट आपोआप चालू लागली. धूर पाहून दवाखान्यात तपासायला आलेल्या बाया मागं डोकावू लागल्या. आठवड्यात तिघी आणखी आल्या, कुणी सासूसोबत, कुणी आईसोबत. संध्याकाळी त्या चुलीभोवती बोलणं, हसणं, एकमेकींची डोकी पाहणं. चादरी मळल्या. मळक्या चादरी पाहून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

आणि नेमके तेव्हाच वरून साहेब तपासणीला आले. धूर पाहिला, मडकी पाहिली, पडवीत कोंबडी फिरताना पाहिली. "हा दवाखाना आहे की वनभोजन?" म्हणाले. मी समजावून सांगितलं, ऐकून घेतलं त्यांनी, माणूस वाईट नाही. पण जाताना लेखी देऊन गेले, की चूल आजच्या आज हटवावी, आणि कुणाच्या परवानगीनं मांडली याचा खुलासा उद्या दुपारपर्यंत द्यावा. शिपायानं बाहेर काहीतरी सांगितलं असणार. मी मागं गेले तर म्हातारी गाठोडं बांधत होती. मडकं गुंडाळून झालं होतं. सून भिंतीला टेकून उभी, पोट हे एवढं, पायांवर सूज. पूल त्या दिवशी सकाळीच पाण्याखाली गेला होता. मी म्हटलं, कुठी जाता, रस्ता बंद आहे. म्हणाली, "डोंगा आहे." त्या पुरात, कोरलेल्या ओंडक्याच्या नावेनं! "चूल गेली त मी इथी कोण? पाहुणी बी नाई, घरची बी नाई." बाकीच्या तिघींच्या आया-सासवा तिच्याकडं पाहत होत्या. ती निघाली की त्याही निघणार, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ते गाठोडं तिच्या हातून हिसकावून घेतलं आणि त्याच्यावर बसले. खरंच बसले, बाई, या वयात, सगळ्यांसमोर. म्हटलं, चूल हलत नाई. पेटव.

रात्रभर मला झोप कशी ती आली नाही असं लिहिलं तर खोटं होईल, चांगली झोपले. सकाळी उठून टेबलाशी बसले आणि खुलासा लिहायला घेतला. माझी परवानगी असं लिहिलं असतं तर मला इथून हलवलं असतं, त्याचं मला काही वाटलं नसतं. पण माझ्या जागी नवी कुणी आली असती आणि पहिल्या दिवशी तीन दगड उचलून फेकले असते. तेव्हा मी वेगळं लिहिलं. साहेबांनी ते वाचलं, पुढं पाठवलं, आणि अजून काही उत्तर आलेलं नाही. आलं नाही म्हणजे चूल आहे. परवा भरदुपारी त्या पोरीच्या कळा सुरू झाल्या. डॉक्टर ज्याला भीत होते तेच झालं, रक्त गेलं, फार गेलं. पण ती आमच्या भिंतीच्या आत होती, आणि तिच्या गटाच्या रक्ताच्या बाटल्या आधीच आणवून ठेवलेल्या होत्या. मी तिचा हात धरून बसले होते, तो गार पडत गेला आणि मग हळूहळू पुन्हा कोमट झाला. मुलगी झाली. रडली, बाई. चांगली खणखणीत रडली. म्हातारीनं ते ऐकलं आणि बाहेर जमिनीवर बसून मोठ्यानं गळा काढला, आणि मीही तिच्याजवळ बसून रडले.

आता ते सांगते. कागदावर खोटं लिहिलेलं तुम्हाला कधी खपलं नाही. न केलेली गृहभेट मी एकदा रजिस्टरात भरली होती, तर तुम्ही मला भर उन्हात त्या गावाला चालत पाठवलं होतं, "जाय, लिहिलं ते खरं करून ये" म्हणून. मी खुलाशात लिहिलं आहे की ही चूल जुनी आहे, माझ्या आधीच्या वरिष्ठ सिस्टरांनी त्यांच्या काळात परवानगी देऊन सुरू केली, आणि मी फक्त प्रथा पुढं चालू ठेवली. खाली तुमचं पूर्ण नाव लिहिलं आहे, हुद्द्यासकट. तुम्ही या आवारात कधी पाय ठेवला नाही. तुमच्या काळात इथं हे घरही नव्हतं. पण मेलेल्या माणसाला नोटीस बजावता येत नाही, बाई, आणि तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाचं नाव मला त्या तीन दगडांना पुरेसं भक्कम वाटलं नाही. तुम्ही चिडाल, चिडा. माफी मागायला म्हणून बसले होते, पण इतकं लिहून झालं तरी ती मनातून येत नाही.