मास्तर गेटपुढे जात नाही

सोमवार, १० नोव्हेंबर

बसला! पुन्हा गेटातच बसला. पुढचे पाय ताठ, बूड जमिनीला चिकटलेलं. मी पट्टा ओढतोय, तो मान आखडतोय. समोर सर्व्हिस रोड — टेम्पो, रिक्षा, पोरांच्या मोटारसायकली. पलीकडे मैदान. मधे रस्ता तो एवढासा, पण आमच्या साहेबांना ओलांडायचा नाही.

एकतीस वर्षं एसटी चालवली मी. नाशिक–सुरगाणा. धुक्यात चालवली, घाटात चालवली, टपावर कोंबड्यांच्या पाट्या घेऊन चालवली. आणि माझ्या घरचं कुत्रं टेम्पोला भितं! चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट नाही. म्हणून वहीत लिहितो.

माझ्या मुलाने, महेशने, त्याचं नाव ब्रूनो ठेवलंय. मी मास्तर म्हणतो. आम्ही ड्रायव्हर लोक कंडक्टरला मास्तर म्हणायचो. हाही माझ्या डाव्या अंगाने चालतो. म्हणजे चालला तर!

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आजही तेच. गेट, बैठक, ओढाताण, परत घरी.

जूनपासून मला एकट्याने बाहेर जायची बंदी आहे. कारण काय, तर द्वारका चौकात मला चक्कर आली म्हणे. चक्कर नव्हती! रस्ता ओलांडत होतो, एक स्कूटरवाली कुठून उपटली कळलं नाही, दचकून दुभाजकावर बसलो. रिक्षावाल्याने घरी आणून सोडलं आणि सूनबाईला सांगितलं, "आजोबा भांबावले होते." झालं. महेश कंपनीत, सूनबाई योगिनी शाळेत शिकवायला, आणि मी तिसऱ्या मजल्यावर. दवाखान्यात चला म्हणून दोघं मागे लागले होते. मी दाद दिली नाही.

मास्तर आला तेव्हा कुठे थोडी सूट मिळाली. कुत्र्याला मैदानावर न्यायचं आणि आणायचं, तेही गेटावरून वॉचमन बहिरूने लक्ष ठेवायचं. एवढीच मोकळीक, पण माझ्यासाठी ती मुंबई-दिल्लीएवढी! आता हिशेब सरळ आहे. कुत्रं चाललं तर मी चाललो. कुत्रं बसलं की मीही बसलो.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

पार्किंगमध्ये मास्तरने घाण केली. दुसऱ्या मजल्यावरच्या उज्वलाबाई वर येऊन बोलून गेल्या. त्यांचंही चूक नाही.

रात्री जेवताना योगिनी म्हणाली, "बाबा, महिनाअखेरपर्यंत बघू. तोवर बाहेर जायला लागला तर ठीक. नाहीतर यादवमामांकडे देऊ." यादव म्हणजे तिचे मामा, सायखेड्याला असतात. तिने लगेच फोन लावला, स्पीकरवर. "पाठवून द्या की! कांद्याच्या चाळीला राखण लागतीच. साखळीला बांधू, लय खूश राहील."

साखळीला बांधून खूश! या माणसाने स्वतः एक दिवस राहून बघावं. हे वहीतच बरं. सुनेचे मामा आहेत.

मास्तर टेबलाखाली माझ्या पायावर हनुवटी टेकून झोपला होता. चार महिन्यांचं लेकरू.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दिवसभर बाल्कनीत. तो रस्ता बघतो, मी रस्ता बघतो.

रविवार, १६ नोव्हेंबर

डोकं चालवलं. नव्या ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी कोणी घाटात नेत नाही. आधी डेपोत उभी गाडी दाखवतात. मग मास्तरला एकदम रस्त्यावर कशाला ढकलायचं?

आमच्या कंपाउंडमध्ये किशोरची स्कूलबस उभी असते. त्याला म्हटलं, जरा सुरू कर. मी टायरपाशी खुर्ची टाकून बसलो, खिशात ग्लुकोजची बिस्किटं. इंजिन सुरू झालं — मास्तरने कान हलवले, बिस्कीट खाल्लं. किशोरने रेस दिली — बिस्कीट खाल्लं. हॉर्न दिला, तोही कर्णा! मास्तरने माझ्याकडे बघितलं, म्हणजे आणखी बिस्कीट. शेवटी सायलेन्सरजवळ जाऊन हुंगून आला.

किशोर म्हणाला, "काका, हे भीतंय कुठे? हे तर गाडीत बसून शाळेत यायला तयार आहे."

मग घोडं पेंड खातंय कुठे?

सोमवार, १७ नोव्हेंबर

फार खुशीत निघालो होतो. आज पठ्ठ्या गेटाबाहेर आलासुद्धा! चार पावलं गेला आणि रस्त्याच्या कडेलाच बसला. मी म्हटलं, आता सोडायचं नाही. ओढला. तेवढ्यात एक मोटारसायकल इतकी जवळून गेली की मास्तर किंचाळला. पट्टा माझ्या पायांत गुंडाळून घेतला, मी पडता पडता वाचलो. तो पोरगा पुढे जाऊन ओरडला, "ओ काका, दिसत नाही का?"

दिसत नाही म्हणे! स्वतः डावीकडून घुसायचं आणि वर म्हाताऱ्याला दम द्यायचा.

मास्तरला उचलून घरी आणला. छाती नुसती धडधडत होती. माझी का त्याची, कळत नव्हतं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

चहाचा कप लवंडला. योगिनीने नेहमीच्या जागी ठेवला नव्हता, कुठे डावीकडे कडेला ठेवला होता. ती म्हणाली, "बाबा, तुमच्या समोरच होता." आणि माझ्याकडे बघत राहिली. ती बघते ना अशी, तेव्हा मला डेपो मॅनेजरसमोर उभं राहिल्यासारखं होतं.

नंतर म्हणाली, शनिवारी सोसायटीत डोळ्यांचं शिबिर आहे, जाऊन या.

काही नाही, चष्म्याची काच जुनी झालीय.

शनिवार, २२ नोव्हेंबर

शिबिराला गेलो. भिंतीवर तोच तक्ता. वर मोठं अक्षर, खाली खाली बारीक. नोकरीत दरवर्षी तपासणीला हाच वाचायचो. माझ्या पुढचा वाचायचा तो ऐकायचो, मग माझा नंबर, मग मागचा. इतक्या वर्षांत मारुतीस्तोत्रासारखा पाठ झालाय. पोरगी म्हणाली, "खालची ओळ वाचता येते का आजोबा?" मी धडाधड म्हणून दाखवली. अर्धी ओळ दिसली, अर्धी म्हटली. तिने कौतुकच केलं! "नजर तरुण आहे तुमची."

मग म्हणाली, मशीनवरही बघू, कडेचं किती दिसतं ते. मी म्हटलं, घरी कुत्रं एकटं आहे. आणि निघून आलो.

योगिनीला सांगितलं — पास. तिला बरं वाटलं. मलाही वाटायला हवं होतं.

रविवार, २३ नोव्हेंबर

महेशने सुट्टी म्हणून मास्तरला गाडीतून लांबच्या मैदानावर नेलं. मला म्हणाला, "तुम्ही दमलाय, आराम करा." आराम! जूनपासून दुसरं काय करतोय?

आज मल्हारीची फार आठवण आली. माझ्याबरोबर सगळ्यात जास्त वर्षं काढलेला कंडक्टर. सुरगाण्याच्या घाटात समोरून ट्रक आला की गाडी दरीकडे घ्यावी लागायची. ड्रायव्हर बसतो उजवीकडे, त्याला डावं चाक दिसत नाही. मल्हारी दारात उभा राहून अर्धा बाहेर वाकायचा आणि ओरडायचा, "डावी मोकळी, जाऊ द्या!" त्याच्या शब्दावर मी गाडी सोडायचो. खाली दरी असायची, पण कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही. ही गोष्ट मी योगिनीला इतक्यांदा सांगितलीय की ती आता आधीच मान डोलावते.

सोमवार, २४ नोव्हेंबर

गुडघा धरला होता, म्हणून बहिरूला म्हटलं, तूच बघ जमतंय का. तो सुरगाण्याकडचा, माझ्या गाडीने कितीदा आला-गेलेला. "नेतो ना डायवरसाहेब," म्हणाला आणि पट्टा घेऊन निघाला.

मी बाल्कनीतून बघत होतो. मास्तर गेटाबाहेर पडला. एक टेम्पो गेला. रिक्षा गेली. शेपटी वर करून, पाय उडवत, बहिरूच्या पुढे पुढे — रस्ता ओलांडून मैदानात! एकदाही बसला नाही.

बहिरू परत आला तो हसत. "अहो, हे काय भीत नाय. पळतंय नुसतं."

म्हणजे तो गाड्यांना भीत नाही. तो माझ्याबरोबर जायला भितो.

जेवलो नाही. मला फार लागलं ते.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

आज मीच गेलो. ठरवून गेलो — ओढायचं नाही. काय करतो ते बघायचं.

गेटाबाहेर आलो. मास्तर बसला. मीही थांबलो. मला समोर रस्ता मोकळा दिसत होता. मग मी पूर्ण मान डावीकडे वळवली, पार खांद्यापर्यंत, आणि अंगावर काटा आला. पाण्याचा टँकर! हाताला लागेल इतका जवळ. माझ्या नजरेत तिथे काहीच नव्हतं. धूसर नाही, काळं नाही — काहीच नव्हतं. टँकर गेला. मास्तर आपण होऊन उठला आणि चालायला लागला.

पुढे पुन्हा बसला. पुन्हा मान वळवली. सायकल.

घरी येऊन आरशासमोर उभा राहिलो. एक डोळा झाकला, मग दुसरा. डावा हात बाजूने हळूहळू समोर आणला. पार नाकासमोर येईपर्यंत हात मला दिसला नाही.

म्हणजे रोज तो गाडी बघून थांबायचा आणि मी त्याला ओढून गाडीपुढे घालायचो. आणि वर म्हणायचो, भित्रा आहे!

बुधवार, २६ नोव्हेंबर

पट्टा उजव्या हातात घेऊन बघितला. मास्तर मागून वळसा घालून डावीकडेच येऊन उभा राहिला. त्याची जागा त्याने ठरवून टाकलीय.

तो थांबला की मी थांबलो, तो उठला की मी उठलो. असे दोघं मैदानावर जाऊन आलो. पहिल्यांदा! बहिरूने गेटावरून टाळ्या वाजवल्या. योगिनीला कळलं तेव्हा ती इतकी हसली. "जिंकलात बाबा! मामांना सांगते, नाही पाठवत."

आता गप्प बसलं की झालं. मास्तर राहतो, माझं बाहेर जाणं राहतं. कोणाला काय कळणार? सांगितलं तर दार बंद, आणि या वेळी कायमचं. बहिरू फिरवेल मास्तरला. मी बाल्कनीतून बघेन.

मला नाही बसायचं त्या बाल्कनीत. 

गुरुवार, २७ नोव्हेंबर

मैदानाच्या वाटेवर एक मांजर आडवं गेलं. मास्तर सगळं विसरून तिकडे बघत राहिला. मी त्याच्या भरवशावर पाऊल टाकलं आणि रिक्षाने करकचून ब्रेक मारला. चाक मास्तरच्या पंजापाशी थांबलं.

रिक्षावाल्याने शिव्या घातल्या. मी हात जोडले.

चूक मास्तरची नाही. पोर आहे ते, मांजर दिसलं की बघणारच. पण चार महिन्यांच्या लेकराच्या शब्दावर गाडी घाटात घालणारा ड्रायव्हर मी नव्हे. कधीच नव्हतो.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

योगिनी शाळेतून आली, पर्स ठेवायच्या आतच सांगून टाकलं. सगळं. द्वारका, टँकर, रिक्षा, तक्ता पाठ होता तेही. ओरडेल असं वाटलं होतं. ती शेजारी येऊन बसली — डावीकडे, म्हणून मला दिसली नाही, नुसता तिचा हात लागला.

संध्याकाळी तिघं डॉक्टरकडे. त्यांनी तक्ता दाखवला. मी म्हटलं, हा नको, हा मला पाठ आहे, दुसरं काही दाखवा. मग सगळ्या तपासण्या झाल्या, डोक्याचा फोटोही. जूनमध्ये मेंदूला छोटा झटका येऊन गेला होता म्हणे. दोन्ही डोळ्यांची डावी बाजू तेव्हाच गेली. आता परत यायची आशा फार कमी. रस्त्यावर एकट्याने जायचं नाही.

परत येताना महेशने गाडी अगदी हळू चालवली. घरी आल्यावर पट्टा मी स्वतःच खुंटीला लावला.

शनिवार, २९ नोव्हेंबर

संध्याकाळी योगिनीने खुंटीवरचा पट्टा काढला. माझ्या उजव्या हातात दिला. गेटाबाहेर आलो तसा मास्तर वळसा घालून डावीकडे निघाला, तर तिथे ती आधीच उभी. रस्त्याकडे अर्धी वाकून बघत होती.

"डावी मोकळी," म्हणाली. "जाऊ द्या, बाबा."