जास्वंदीला खत मीच घातलं

चिमे,

आईच्या जास्वंदीला पाणी कमी पडलेलं नाही. मी तिला खत घातलं, एका चमच्याऐवजी पाच. रविवारी मावशीकडे गेलो होतो. आईनेच दिलेल्या फांदीचं तिच्या गॅलरीतलं झाड फुलांनी लगडलंय. "भावोजी, झाडालासुद्धा माणूस कळतो हो," म्हणाली. माझा नुसता जळफळाट झाला.

नर्सरीवाला म्हणाला, मीठ लावलेल्या काकडीला पाणी सुटतं, तसंच हे. मातीत खताचे क्षार जास्त झाले, म्हणून मुळांच्या पेशींतलं पाणी उलट मातीत गेलं आणि पानं लुळी पडली. कुंडी मोरीत ठेवलीय. खालच्या भोकातून वाहून जाईपर्यंत साधं पाणी ओत, तासाभराने पुन्हा. क्षार धुतले गेले तर मुळं परत पाणी ओढतील.

मी मावशीकडे जातोय. फांदी देताना आईने तिला सगळं समजावलं होतं म्हणे, ऊन किती, खत किती. मला का नाही सांगितलं, म्हणून चार दिवस कुढत होतो. खरं म्हणजे आई होती तोवर मी तिला कधी विचारलंच नव्हतं. आता मावशीला विचारतो.

बाबा