कोंबडीखताचा वाफा

डुफी वहिनी,

मी मातीच्या तपासणीचा निकाल आणायला कुमासीला जातेय. मक्याची पेज चुलीवर झाकून ठेवलीय, अफ्रियेला दे.

माझ्या वाफ्यातला सॅलडचा पाला कच्चा खाऊन ती आजारी पडली, तेव्हा तू म्हणालीस, "पिकवणारीला एवढं कळत नाही?" खरंच कळत नव्हतं. ताज्या कोंबडीखतातले जंतू मातीत महिनोन्‌महिने जगतात, हे तपासणीवाल्या बाईंनी नंतर सांगितलं. चुकले मी.

पाच महिने वाफा मोकळा ठेवलाय. मागच्या तपासणीत जंतू जवळजवळ संपले होते. आज माती स्वच्छ निघेल असं वाटतंय.

सकाळी अफ्रियेनं विचारलं, "आत्या, पाला परत लावायचा का?" मी म्हटलं, "आईला विचार."

तिला हो म्हण, वहिनी. या वेळी खत नीट कुजवूनच घालीन, आणि पहिलं पान मी खाईन.

सेरवा