दारातली बाई

मास्तर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला आधी तुमची एखादी शिवी आठवावी लागते. पोलाद कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसमध्ये तुम्ही हेड ड्राफ्ट्समन होतात, पण वर्ध्याच्या शाळेत पूर्वी चित्रकला शिकवायचात म्हणून सगळे मास्तरच म्हणायचे. दिवसभर आपण भट्टीच्या पायाचे, पाइपांचे नकाशे काढायचो आणि संध्याकाळी तुमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात, काकूंनी पोळपाट उचलला की त्याच जागी, मराठी मंडळाच्या नाटकांची पोस्टकार्डं करायला बसायचो. कारखान्याच्या वसाहतीतले सेक्टर नवे होते, शेजारी कोण राहतो हे शेजाऱ्याला ठाऊक नव्हतं. नाटक आहे हे कळवायचं तर पोस्टातूनच. लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र उलटं कोरायचं, शाई लावायची, साध्या सरकारी कार्डाच्या पाठीवर दाबायचं. पहिल्यांदा मी अक्षरं सुलटी कोरली आणि कार्डावर सगळं उलटं उमटलं, तेव्हा काकू हसता हसता खाली बसल्या. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "फेकू नको. जवळ ठेव. गर्व चढला की पाहत जा." मग तुमचा कोरायचा चाकू मला देऊन टाकलात.

तुमच्या कार्डावर कधी माणूस नसायचा. रिकामी खुर्ची, विझलेला कंदील, जिन्याच्या चार पायऱ्या. मी विचारलं तर म्हणालात, "मानूस स्टेजवर दिसनार आहे ना? मंग कार्डावर कायले?" मला ते तेव्हा पटत नव्हतं.

त्या वर्षी गणपतीत बसवलेल्या नाटकात पहिल्यांदा बाईचं काम बाई करणार होती. आपल्याच सेक्टरातल्या एका क्लार्कची बायको. तालमीत ती बोलायला लागली की चहा देणारासुद्धा थांबायचा. नवऱ्यानं हो म्हटलं होतं, फक्त एक अट घालून: कार्डावर नाव नको. तुम्ही अर्धवट उघडं दार काढून दिलंत आणि मलेरियानं हॉस्पिटलात गेलात. कोरायचं काम माझ्यावर आलं. मी दार कोरलं, आणि त्या दारात तिला उभी केली. डोक्यावरून घसरलेला पदर, किंचित वर उचललेली हनुवटी. नाव नाही ना, मग झालं, असं मी स्वतःला सांगितलं. तिला विचारलं नाही. कार्डं छापली, पत्ते घातले, सगळी पोस्टात टाकली, सभासदांच्या गावाकडच्या घरांनासुद्धा.

तुम्हाला भेटायला येतो तेव्हा खिशात एक कार्ड आहे. शाबासकी मिळेल असं वाटतंय. तुम्ही उशीला टेकून बराच वेळ बघता. "बाईले विचारलं का?"

"नाही, पण नाव कुठंच..."

"चेहरा तिचा हाय, तुया बापाचा नाही." मग कूस बदलता. मी कार्ड परत खिशात घालतो.

चार दिवसांनी तिचे सासरे भंडाऱ्याकडून आले. मंडळाच्या बैठकीत त्यांनी कार्ड सतरंजीवर ठेवलं. आवाज चढवला नाही. "माह्या घरची सून पोस्टमन दारोदार दाखवून राहिला," म्हणाले. "हे कोनं काढलं?" तिचा नवरा मान खाली घालून बसला होता. तुम्ही तापातून नुकतेच उठलेले, गळ्याशी मफलर. मी तुमच्या शेजारी. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "म्या," म्हणालात. "चूक झाली." आणि त्या म्हाताऱ्यापुढे हात जोडलेत.

तिचं काम एका पुरुषानं साडी नेसून केलं. नाटक पडलं. मंडळानं तुमच्याकडून कार्डांचं काम काढून घेतलं, ते मला दिलं, मी घेतलं. ऑफिसात तुम्ही मला पूर्वीसारखंच शिकवत राहिलात, घरी ये मात्र कधी म्हणाला नाहीत. तिसऱ्या वर्षी तुम्ही गेलात.

त्यानंतर काही महिन्यांनी ती मला सुपेल्याच्या बाजारात भेटली. भाजी घेत होती. तुमच्याबद्दल वाईट वाटलं म्हणाली. मग जरा थांबून, "मास्तरांनी ते कार्ड लय चांगलं काढलं होतं. मी तशी दिसतो, हे मले कोनी दाखवलंच नव्हतं."

मास्तर, बैठकीत माझ्या तोंडातून शब्द फुटला नव्हता. तिथं मात्र क्षणाचाही वेळ लागला नाही. "ते मी काढलं होतं," मी म्हणालो.

"मंग त्या दिवशी तुमी कावून नाही बोलले?"

घाबरलो होतो, असं मी सांगितलं. वय लहान होतं, नोकरी नवी होती. तिनं मान हलवली आणि पिशवी उचलून गेली. पण मी घाबरलो नव्हतो. तुम्ही "म्या" म्हणालात त्याच क्षणी माझ्या मनात आलं होतं, की आता पुढची कार्डं माझी. हे तिला सांगितलं नाही, घरी कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला लिहितोय, कारण तुम्ही वाचणार नाही.